इन्फ्रारेड उष्ण पट्टा : स्वेदनशास्त्राच्या कसोटीवर

कटिशूल, मन्यास्तंभ, गुडघ्याची वेदना अशा वातप्रधान तक्रारींसाठी अंगावर बांधावयाचे उष्ण पट्टे गेल्या काही वर्षांत शहरांतून तालुक्याच्या गावी आणि तेथून थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचले आहेत. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वैद्यमित्रांना आता एक नवीनच प्रसंग वारंवार येतो. रुग्ण आधी पट्टा विकत घेतो आणि मग वैद्याकडे विचारावयास येतो. हा किती वेळ बांधावा? तेल लावून बांधावा की कोरडाच? आईला मधुमेह आहे, तिला चालेल का? औषधविक्रेत्यांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा असतो. गिऱ्हाईक मागते, वितरक आग्रह करतो, वेष्टनावर मात्र अशा रोगांची यादी छापलेली असते की ती वाचून विक्रेत्यानेच संकोचावे.

या प्रश्नांची उत्तरे आपल्या शास्त्रात नाहीत असे मानण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, हा पट्टा म्हणजे तापस्वेदाचे एक सोयीचे साधन होय. त्याचा जो गुण आहे तो उष्णतेचा आहे, किरणांच्या चमत्काराचा नाही. आणि एकदा त्यास स्वेद म्हटले की स्वेदाची योग्यता, मात्रा व निषेध हे तिन्ही त्यास जसेच्या तसे लागू होतात. पट्टा विकणारा यांपैकी पहिलीच गोष्ट सांगतो. उरलेल्या दोन सांगणे हे वैद्याचे व जाणत्या विक्रेत्याचे काम आहे.

पट्ट्यांचे तीन प्रकार

बाजारात एकाच नावाने तीन अगदी भिन्न वस्तू विकल्या जातात. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून प्रथम त्या वेगळ्या करून पाहू.

पहिला प्रकार विजेवर चालणारा. यात कापडाच्या दोन थरांमध्ये कार्बन तंतूंची अथवा धातूच्या बारीक तारेची जाळी असते. घरच्या विजेवर, बॅटरीवर किंवा मोबाईलच्या चार्जरवर ती तापते. तापमान कमीजास्त करण्याचे बटण व ठराविक वेळाने आपोआप बंद होण्याची सोय बहुधा असते.

दुसरा प्रकार लोहचूर्णाचा. या पट्टीचे पाकीट फोडले की आतील लोहचूर्णाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन उष्णता निर्माण होते. ही उष्णता सुमारे ४० अंश सेल्सिअस इतकी सौम्य असून कित्येक तास टिकते. पट्टी एकदाच वापरावयाची असते.

तिसरा प्रकार वीज व रसायन दोन्ही नसलेला. कापडात टुर्मलीन, सिरॅमिकची भुकटी अथवा लहान चुंबके बसवून ‘हा पट्टा आपोआप इन्फ्रारेड किरण सोडतो’ असे सांगितले जाते. या पट्ट्यास स्वतःचा उष्णतेचा उगम नसतो. शरीराने जी उष्णता दिली तीच तो अडवून धरतो. जाड घोंगडीही हेच करते.

इन्फ्रारेड किरण म्हणजे काय

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगाशेजारी तापमापक ठेवला. तांबड्या रंगापलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथेही पारा चढलेला त्यास आढळला. हेच अवरक्त अथवा इन्फ्रारेड किरण. त्यांचे तरंगांच्या लांबीनुसार तीन विभाग मानतात. ७८० नॅनोमीटरपासून १.४ मायक्रोमीटरपर्यंत निकट-अवरक्त, तेथून ३ मायक्रोमीटरपर्यंत मध्यम आणि त्यापुढे १ मिलिमीटरपर्यंत दूर-अवरक्त.

प्रत्येक उष्ण वस्तू आपल्या तापमानानुसार हे किरण सोडीतच असते. कोणत्या लांबीचे किरण सर्वांत अधिक निघतील, हे काढण्याचा भौतिकशास्त्रातील नियम सोपा आहे. २,८९८ या संख्येस वस्तूच्या केल्व्हिन तापमानाने भागावे, म्हणजे ती लांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. ५० अंशांवर तापलेला पट्टा म्हणजे ३२३ केल्व्हिन. उत्तर सुमारे ९ मायक्रोमीटर. ६० अंशांवर तापवलेली वाळूची पुरचुंडी म्हणजे ३३३ केल्व्हिन. उत्तर सुमारे ८.७. आणि ३७ अंशांचे आपले शरीर म्हणजे ३१० केल्व्हिन. उत्तर सुमारे ९.३.

या तीन आकड्यांत बरेच काही आले. पट्टा दूर-अवरक्त किरण सोडतो हे विधान खरे आहे. परंतु आजीने चुलीवर तापवून फडक्यात बांधलेली वीट, मिठाची पुरचुंडी, तव्यावर शेकलेले एरंडपान हीही त्याच जातीचे किरण सोडतात. किंबहुना रुग्णाच्या पाठीवर टेकवलेला वैद्याचा तळहातही तेच करतो. त्यासाठी कार्बन तंतू वा टुर्मलीन लागत नाही.

‘किरण शरीरात चार-पाच सेंटिमीटर खोल शिरतात’ हा दावा मात्र दूर-अवरक्त किरणांबाबत टिकत नाही. आपल्या त्वचेत पाण्याचा अंश मोठा आहे आणि पाणी हे किरण तात्काळ शोषून घेते. त्यामुळे ते मिलिमीटरच्या अंशमात्र खोलीतच, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातच संपतात. निकट-अवरक्त किरण तुलनेने अधिक, काही मिलिमीटर आत जातात. पण ते फिजिओथेरपीतील दिव्यासारख्या अतिशय तप्त उगमातून निघतात, ५० अंशांच्या पट्ट्यातून नव्हे. शिवाय पट्टा अंगास चिकटून असतो. तेव्हा उष्णता मुख्यतः स्पर्शाने जाते, किरणांचा वाटा दुय्यम राहतो. त्वचा तापली की तेथील रक्तवाहिन्या विस्फारतात, रक्ताभिसरण वाढते, स्नायूंची जखडण सुटते आणि वेदनेची जाणीव मंदावते. लाभ होतो तो या मार्गाने. तो खराच आहे, पण तो उष्णतेचा आहे.

शास्त्रातील स्थान

सुश्रुताचार्यांनी स्वेदाचे ताप, उष्म, उपनाह व द्रव असे चार प्रकार सांगितले. हात, कांस्यपात्र, खापर, वाळू, वस्त्र अशा तापवलेल्या वस्तूंचा प्रत्यक्ष शेक म्हणजे तापस्वेद. विजेचा पट्टा निःसंशय याच वर्गात बसतो. लोहचूर्णाची पट्टीही तापस्वेदच. केवळ बांधून ठेवण्याच्या रीतीमुळे ती उपनाहाच्या जवळ जाते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात संकर, प्रस्तर, नाडी इत्यादी तेरा अग्निस्वेद सांगून पुढे व्यायाम, उष्णसदन, गुरुप्रावरण, क्षुधा, बहुपान, भय, क्रोध, उपनाह, आहव व आतप असे दहा निरग्निस्वेदही सांगितले आहेत. वीज नसलेला टुर्मलीनचा पट्टा या यादीत कोठे बसतो हे वैद्यांस वेगळे सांगावयास नको. तो गुरुप्रावरण होय. जाड पांघरुणाने ऊब मिळते हे आचार्यांना मान्य होते आणि आजही ते खरे आहे. प्रश्न इतकाच की पांघरुणाच्या गुणासाठी रुग्णाने किती पैसे मोजावेत.

स्निग्ध-रूक्ष हा भेदही येथे ध्यानात ठेवावयास हवा. पट्टा हा स्वभावतः रूक्ष स्वेद आहे. म्हणून आमवातासारख्या साम अवस्थेत, जेथे वालुकापोट्टलीचा रूक्ष शेक आपण योजतो, तेथे तो विचारास घेण्याजोगा आहे. केवळ वातज, निराम कटिशूलात मात्र आधी अभ्यंग हवा; स्नेहाविना वारंवार रूक्ष शेक घेणाऱ्या कृश व वृद्ध रुग्णात वात वाढण्याचाच संभव. अनेक रुग्ण पट्टा बांधला की तेवढ्यापुरते बरे वाटते, महिन्याभराने दुखणे पुन्हा तेथेच, अशी तक्रार करतात. त्यामागे हे एक कारण असू शकते.

आणखी एक मर्यादा. पंचकर्माच्या पूर्वकर्मातील सर्वांगस्वेदाचा हेतू दोष द्रवीभूत करून शाखांतून कोष्ठात आणणे हा असतो आणि त्यामागोमाग शोधन ठरलेले असते. कमरेवर वीतभर रुंदीचा पट्टा बांधल्याने हे कार्य होत नाही. ‘पट्टा बांधा, घामावाटे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतील’ या जाहिरातीस ना आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा आधार, ना आपल्या शास्त्राचा.

संशोधन काय सांगते

उष्णतेच्या शेकाचा वेदनेवर होणारा परिणाम आधुनिक पद्धतीने तपासला गेला आहे. सन २००६ मध्ये कॉक्रेन संस्थेने कंबरदुखीवरील शेक व थंड उपचारांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ९ चाचण्या व एकूण १,११७ रुग्णांचा विचार होता. नव्याने उद्भवलेल्या कंबरदुखीत सतत सौम्य ऊब देणाऱ्या पट्टीने अल्प मुदतीसाठी वेदना थोडी कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. जुनाट कंबरदुखीबाबत तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा तेव्हा नव्हता. सन २००१ मधील एका अमेरिकी चाचणीत कष्टार्तवाच्या रुग्णांना ओटीपोटावर ३८.९ अंशांची पट्टी दिवसाचे सुमारे १२ तास बांधण्यास दिली, आणि तिचा उपयोग आयब्युप्रोफेनच्या गोळ्यांच्या तोडीचा आढळला. हे तापमान लक्षात घेण्यासारखे आहे. ३९ अंशांच्या आतला शेक, ज्यास आपण मृदुस्वेद म्हणू, तोही पुरेसा ठरला.

इन्फ्रारेड पट्ट्याचे विक्रेते ज्या अभ्यासाचा आधार घेतात तो कॅनडातील ओंटारिओ येथे झालेला व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. सहा वर्षांहून जुनी कंबरदुखी असलेले ४० रुग्ण त्यात घेतले होते. आठवड्यातून एकदा याप्रमाणे सात वेळा उपचार केल्यावर इन्फ्रारेड गटातील वेदनेचा गुणांक दहापैकी ६.९ वरून ३ वर आला. नकली उपकरणाच्या गटात तो ७.४ वरून ६ वर आला. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण दोन गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. रुग्णसंख्या अल्प होती, ही एक. आणि त्या उपकरणातील किरण ८०० ते १,२०० नॅनोमीटरचे, म्हणजे निकट-अवरक्त होते, ही दुसरी. दूर-अवरक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या पाठीशी हा अभ्यास उभा करणे म्हणजे गुडूचीवरील प्रयोगाचा दाखला देऊन दुसरीच वेल विकणे होय.

निषेध : येथेच खरी जबाबदारी आहे

चरकाचार्यांनी ज्यांना स्वेद देऊ नये त्यांची दीर्घ यादी दिली आहे. गर्भिणी, रक्तपित्ती, पित्तप्रकृती, अतिसारी, रूक्ष, मद्यनित्य, कामला व उदराचे रोगी, क्षत असलेले, आढ्यरोगी (याचा अर्थ सामान्यतः वातरक्ताचा रोगी असा घेतात), दुर्बल, ओज क्षीण झालेले, हे तर त्यात आहेतच. पण आजच्या बाजाराच्या दृष्टीने त्या यादीतील तीन नावे विशेष महत्त्वाची आहेत. मधुमेही, स्थूल आणि श्रांत.

मधुमेही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात पायांची व तळव्यांची संज्ञा मंदावते. अशा रुग्णास चटका बसत असतानाही तो कळत नाही. पाय बधिर झाले, मुंग्या येतात म्हणून तो गरम पट्टा अथवा गरम पाण्याची पिशवी पायास बांधतो, आणि सकाळी फोड दिसतो. रक्तपुरवठा आधीच मंद असल्याने तो व्रण भरत नाही. पुढे बोट वा पाऊल गमावण्यापर्यंत मजल जाते. ज्या लक्षणासाठी रुग्ण पट्टा मागतो तेच लक्षण पट्टा न देण्याचे कारण असते. मधुमेह्याच्या पायास पट्टा कोणत्याही सबबीवर देऊ नये. कंबर वा खांदा यांसाठी विचार करावयाचा झाल्यास तेथील स्पर्श व उष्ण-शीत यांची जाणीव वैद्याने स्वतः तपासावी, आणि तीही केवळ मृदुस्वेदापुरती, देखरेखीखाली.

स्थूल. ‘पोटाचा घेर उतरवणारा पट्टा’ म्हणून याच वस्तूची विक्री होते. पट्टा काढल्यावर वजनात जी घट दिसते ती घामाने गेलेल्या पाण्याची असते. दोन पेले पाणी प्यायले की ती भरून येते. उष्णतेने मेद वितळून त्वचेवाटे बाहेर पडत नाही. आणि शास्त्राने स्थूल व्यक्तीस स्वेद निषिद्ध सांगितलेला असताना तिच्या पोटास रोज तासभर पट्टा बांधावयास सांगणे हे वैद्यकीस धरून नाही.

श्रांत. आपल्या भागात कंबर दुखते ती बहुतांशी कष्टाने. सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, उसाची तोडणी व मोळ्या वाहणे ही कामे दिवसभर वाकून करावी लागतात. मजूर संध्याकाळी घरी येतो तेव्हा तो थकलेला, तहानलेला व भुकेला असतो. श्रांत, तृषित व क्षुधित या तिघांनाही त्या वेळी स्वेद निषिद्ध आहे. नेमका त्याच वेळी तो पट्टा बांधतो. त्यास प्रथम पाणी, विश्रांती व आहार द्यावा. अन्न पचल्यावर शेक घ्यावा. कष्टकऱ्यास हे सांगणे सोपे आहे आणि तो ते ऐकतोही.

यांखेरीज आधुनिक दृष्टीने ज्यांना पट्टा देऊ नये असे काही रुग्ण आहेत. ताजी दुखापत व सूज असताना पहिले दोन दिवस, ज्वर, विसर्प, विद्रधी, व्रण अथवा अर्बुद असलेला भाग, शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका, पक्षाघाताने बधिर झालेले अंग आणि स्वतःहून पट्टा काढू न शकणारे बालक वा अतिवृद्ध. चुंबके असलेला पट्टा हृदयात पेसमेकर बसवलेल्या रुग्णाजवळ नेऊ नये. वेदनाशामक औषधाची पट्टी त्वचेवर लावलेली असल्यास तीवर उष्णता देऊ नये, कारण औषध एकदम अधिक प्रमाणात शोषले जाते. तिखट बाम चोळून त्यावर पट्टा बांधणे हेही चटक्यास निमंत्रण होय.

चटका किती तापमानास बसतो

सन १९४७ मध्ये मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनी त्वचा भाजण्यासंबंधी जे प्रयोग केले ते आजही आधारभूत मानले जातात. त्यांवरून त्वचेचे तापमान ४४ अंश राहिल्यास सुमारे सहा तासांत, ४७ अंश राहिल्यास सुमारे पाऊण तासात, ४९ अंशांस दहा मिनिटांच्या आत आणि ६० अंशांस अवघ्या पाच सेकंदांत त्वचेस इजा होते. बाजारातील काही पट्ट्यांवर ५५ ते ६५ अंशांपर्यंतचे टप्पे असतात. तो आकडा तारेचा असतो, त्वचेचा नव्हे, हे खरे. परंतु रुग्ण पट्ट्यावर पाठ टेकून निजला की उष्णता बाहेर जाण्याची वाट बंद होते आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येऊ लागतात. म्हणून पट्टा बांधून झोपू नये आणि पट्ट्यावर झोपू नये, हा नियम सर्वांत आधी सांगावा.

न भाजता, केवळ रोजच्या सौम्य पण दीर्घ शेकानेही त्वचेवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. काश्मिरात अंगरख्याखाली निखाऱ्यांची कांगडी बाळगणाऱ्यांत हे डाग आणि पुढे क्वचित त्वचेचा कर्करोगही वर्णिला गेला आहे. कमरेवर अशी जाळी दिसू लागली की शेक तात्काळ थांबवावा.

वापरण्याची पद्धत

१. शेकाचा काल हेमंत-शिशिरात मोकळा धरावा. शरद ऋतूत, म्हणजे सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, पित्तप्रकोप असतो. तेव्हा मृदू व अल्प शेक. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीशी ओलांडतो तेव्हा शक्यतो टाळावा.

२. अन्न पचलेले, तहान भागलेली व मलमूत्रविसर्जन झालेले असावे.

३. निराम वातज शूलात महानारायण, निर्गुंडी आदी तेलाचा अभ्यंग करून तेल पुसून घ्यावे, वर सुती कापडाची दुहेरी घडी ठेवावी आणि मग पट्टा बांधावा. तेल पट्ट्याच्या कापडात मुरू देऊ नये. आमवातात तेल न लावता.

४. आरंभ सर्वांत कमी टप्प्यावर. पहिल्या दिवशी १० मिनिटे. पुढे १५ ते २० मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. दर पाच मिनिटांनी हात घालून त्वचा पाहावी.

५. घड्याळापेक्षा सम्यक् स्विन्न लक्षणे महत्त्वाची. थंडपणा व शूल थांबणे, स्तंभ व जडपणा जाणे, अंग मृदू होणे व घाम येऊ लागणे ही लक्षणे दिसताच थांबावे. वेळ उरला असला तरी.

६. दाह, तृष्णा, भोवळ, ग्लानी अशी अतिस्वेदाची लक्षणे दिसल्यास पट्टा काढून शीत, मधुर व स्निग्ध उपचार, म्हणजे ग्रीष्मचर्येचा विधी, योजावा.

७. वृषण, हृदय व नेत्र यांवर पट्टा बांधू नये. वंक्षणावर मध्यम शेकच सांगितला आहे, तेव्हा तेथे काळजीने.

वीज नसेल तर अडून बसण्याचे कारण नाही. वाळूची वा मिठाची पुरचुंडी, निर्गुंडीचा अथवा एरंडाचा पाला हे सर्व हाताशी आहेत. किंबहुना सन २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा आपल्या प्रदेशात परिषेक व अवगाह यांपेक्षा पाण्यावाचून होणारा तापस्वेद अनेकदा अधिक व्यवहार्य ठरतो. पट्ट्याचा खरा गुण हाच की तो तापमान एकसारखे ठेवतो व त्यास परिचारक लागत नाही. पण त्याची उणीवही तीच. पुरचुंडी आपोआप निवते आणि शेकणाऱ्याच्या हातास चटका आधी कळतो. पट्टा निवत नाही आणि त्यास हात नाही.

पट्ट्यापूर्वी निदान

वेदना शमली म्हणजे व्याधी गेली असे नव्हे. कंबरदुखीसोबत लघवी वा शौचावरील ताबा जाणे, मांड्यांच्या आतील भागास बधिरता, पायांतील शक्ती उतरणे, सायंकाळचा बारीक ताप व वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, पूर्वी झालेला कर्करोग अथवा पडल्यानंतरचे दुखणे यांपैकी काहीही आढळल्यास पट्टा बाजूस ठेवून रुग्णास तातडीने तपासणीसाठी पाठवावे. मणक्याचा क्षय आपल्याकडे दुर्मीळ नाही, आणि शेकाने दिलेला महिनाभराचा आराम अशा रुग्णास फार महाग पडतो. ओटीपोटाच्या वेदनेसाठी पट्टा मागणाऱ्या स्त्रीस पाळी चुकली आहे काय, हे विचारल्याविना पट्टा सुचवू नये.

औषधविक्रेत्यांसाठी

आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीस स्वतंत्र विक्रीपरवाना लागत नाही, त्यामुळे अनेक विक्रेत्यांचा समज असा की पट्ट्यासही काही लागत नाही. हा समज धोक्याचा आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. ज्यांच्याकडे ॲलोपॅथिक औषधविक्रीचा परवाना नाही त्यांना उपकरणे विकण्यासाठी ‘एमडी-४२’ या नमुन्यातील नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. उपचाराचे साधन म्हणून पट्टा ठेवावयाचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात याची खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट जाहिरातीची. औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, स्थौल्य, रक्तदाब, पक्षाघात, संधिवात, मासिक पाळीचे विकार यांचा समावेश आहे. शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली वस्तूही या कायद्याच्या व्याख्येत येते, आणि लेबल, पत्रक एवढेच काय, तोंडी केलेली घोषणाही जाहिरात ठरते. वितरकाने दिलेला ‘मधुमेह व लठ्ठपणावर रामबाण’ असा फलक दुकानात लावणाराही उत्तरदायी ठरू शकतो. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नेही सदोष वस्तूबाबत विक्रेत्यास काही प्रसंगी जबाबदार धरले आहे.

माल घेताना पुढील बाबी पाहाव्यात. उत्पादक वा आयातदाराचे नाव-पत्ता, किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष छापलेले आहे काय. आपोआप बंद होण्याची सोय आहे काय. धुण्यासंबंधी सूचना व मराठी वा हिंदी पत्रक आहे काय. नमुन्याचा एक पट्टा सर्वोच्च टप्प्यावर ठेवून, सुती कापडाच्या घडीखाली तापमापक घालून वर उशी ठेवावी व सतत लक्ष ठेवून अर्ध्या तासाने आकडा वाचावा. तो ४५ अंशांपुढे गेला तर तो माल परत करावा. ही परीक्षा करावयास कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही. आणि विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकास दोनच प्रश्न विचारावेत. मधुमेह आहे काय? पट्टा कोणत्या अंगास बांधणार? पहिल्याचे उत्तर ‘होय’ व दुसऱ्याचे ‘पायास’ असे आल्यास विक्री थांबवावी. एक पट्टा न विकल्याचे नुकसान फार नसते. त्या गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र दुकानाशी राहतो.

उपसंहार

नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, लातूरला मांजरा आयुर्वेद महाविद्यालय आहे. दोन्ही ठिकाणी स्वेदनाचे रुग्ण नित्य येतात. वालुकापोट्टली व विजेचा पट्टा यांची आमवातात व कटिशूलात तुलना करणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांस हाती घेण्याजोगा विषय आहे. खासगी चिकित्सा करणाऱ्या वैद्यमित्रांनीही आपल्या रुग्णपत्रकात पाच गोष्टी टिपाव्यात : निदान व साम-निराम अवस्था, पट्ट्याचा प्रकार, टप्पा व वेळ, शेकापूर्वीची व नंतरची वेदना दहापैकी किती, आणि त्वचेवरील परिणाम. वर्षभराने अशी पत्रके एकत्र केली तर आपल्या प्रदेशातील, आपल्या ऋतूंतील व आपल्या कष्टकरी रुग्णांवरील माहिती हाती येईल. ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक मोलाची ठरेल.

नवीन साधन आले म्हणून त्यास दूर लोटणे हा आयुर्वेदाचा स्वभाव नाही. खापर, वाळू, कांस्यपात्र ही त्या त्या काळी हाती असलेली साधनेच होती. साधन बदलले तरी देश, काल, बल व प्रकृती पाहून मात्रा ठरविण्याचे कर्तव्य वैद्याकडेच राहते. पट्ट्यावर बटण आहे, त्यास विवेक नाही. तो वैद्याने व विक्रेत्याने पुरवावा, एवढीच आमची विनंती.